करायलाय : झिजलेल्या शब्दांचा इतिहास

भाषेचा इतिहास सांगायला बसलेला लेखक बहुधा नामांपासून सुरुवात करतो. ‘अडकित्ता’ कानडी, ‘जमीन’ फारशी, ‘बटाटा’ पोर्तुगीज, ‘टेबल’ इंग्रजी अशा याद्या शालेय व्याकरणाच्या पुस्तकांतही असतात आणि त्या वाचायला गंमत येते. या याद्यांत कधीच न दिसणारे शब्द मात्र आपण दिवसभर सर्वाधिक वापरत असतो. ला, ने, चा, त, च, ही, पण, तर, की, म्हणून, नाही, आहे. यांतले काही ‘शब्द’ या नावालाही पात्र ठरत नाहीत. व्याकरणकार त्यांना प्रत्यय म्हणतात, शब्दयोगी म्हणतात, अव्यय म्हणतात आणि तक्त्यात बसवून मोकळे होतात. ‘स, ला, ते’ हा तक्ता पाठ केलेल्या पिढ्यांतील एखाद्याने तरी ‘ला’ म्हणजे काय, हा आला कोठून, असे विचारले असेल काय, याची आम्हांस शंका आहे. प्रत्ययाला अर्थ नसतो, कार्य असते, असे आपल्याला शिकवले गेले. ते खरे आहे. पण आज ज्याला केवळ कार्य उरले आहे त्याला एके काळी धडधाकट अर्थ होता, हेही तितकेच खरे आहे.

या गोष्टीचा पुरावा शोधण्यासाठी ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. सोलापुरात कोणत्याही चौकात ‘काय करायलास बे?’ हा प्रश्न ऐकू येतो. ‘मी जेवायलोय’, ‘पाऊस पडायलाय’, ‘पोरं खेळायलेत’, ‘ती स्वयंपाक करायलीय’. पुण्यामुंबईकडच्या माणसाला हे ऐकताना प्रथम गोंधळ होतो. ‘करायला’ हे त्याच्या ओळखीचे रूप आहे. ‘करायला सांग’, ‘करायला हवे’ असे तोही म्हणतो. त्यामुळे सोलापूरकराने वाक्य अर्धेच सोडले, असे त्याला वाटते. वाक्य अर्धे नाही. ‘मला करायला सांग’ आणि ‘तिला करायला सांग’ यांतला ‘ला’ बदलत नाही, कारण तो चतुर्थीचा प्रत्यय आहे. सोलापुरी रूप मात्र लिंगवचनानुसार बदलते : तो करायलाय, ती करायलीय, ते करायलेत, मी करायलोय. ज्याला लिंग आहे, वचन आहे, पुरुष आहे, ते क्रियापदच असले पाहिजे. ते क्रियापद ‘लागणे’. ‘करायला लागली आहे’ यातील एकापाठोपाठ आलेल्या दोन ‘ला’कारांपैकी एक जिभेने गिळला, ‘ग’ त्याच्याबरोबर गेला, ‘आहे’चा ‘य’ झाला आणि ‘करायलीय’ उरले. नऊ अक्षरांची पाच अक्षरे झाली. लातूर-धाराशिवकडे ‘करूलालाय’ असे रूप ऐकू येते; ते ‘करू लागलाय’पासून निघाले आहे आणि तेथे ‘लाग’चा ‘ला’ अजून शाबूत आहे. म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात एकच शब्द झिजण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभा दिसतो.

अक्षरांबरोबर अर्थही झिजला. ‘करायला लागली’ म्हणजे आरंभ केला. ‘करायलीय’मध्ये आरंभाचा मागमूस नाही, तासाभरापासून चाललेल्या कामालाही सोलापूरकर ‘करायलीय’च म्हणेल. प्रमाण मराठीने हेच काम ‘करते आहे’कडून करून घेतले आणि त्याचे ‘करतेय’ केले. दोन्ही रूपे सारख्याच झिजेतून तयार झाली. एकाला पाठ्यपुस्तकातल्या संवादांत जागा मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही, एवढाच फरक. हा फरक भाषाशास्त्राचा नव्हे. तो कोणाचा आहे, हे पुढे पाहू.

प्रथम ‘लाग’ची कुळकथा. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे, जडणे. त्याचे भूतकालवाचक विशेषण ‘लग्न’, प्राकृतात ‘लग्ग’, मराठीत ‘लाग’. ‘सप्त’चे ‘सत्त’ आणि ‘सात’ व्हावे तसेच. विवाहाचे ‘लग्न’ आपण संस्कृत पोशाखातच ठेवले, कारण तो मानाचा शब्द आहे, वर्षातून चार वेळा उच्चारला जाणारा आहे. राबणारा ‘लाग’ मात्र झिजत गेला. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘लागी’, ‘लागौनि’ ही रूपे ‘साठी’, ‘कडे’, ‘प्रत’ अशा अर्थांनी नामाच्या मागे येतात. संतवाङ्मयातील ‘नलगे’ म्हणजे न लगे, गरज नाही. आजच्या ‘करावे लागते’मध्ये तोच शब्द सक्ती दाखवतो. आणि आपल्या चतुर्थीच्या ‘ला’चे मूळही याच ‘लागी’त असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सर्वांचे एकमत नाही. परंतु ज्यांना ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते त्यांनी नेपाळीकडे पाहावे. नेपाळीत ‘मला’ला ‘मलाई’ म्हणतात, ‘रामाला’ला ‘रामलाई’; आणि ‘साठी’ या अर्थी ‘को लागि’ हा अखंड शब्दही त्याच भाषेत आजतागायत वापरात आहे. झिजलेले आणि न झिजलेले अशी दोन्ही रूपे एका घरात नांदताना दिसणे ही इतिहासकाराच्या दृष्टीने चैनच. नेपाळी शब्दांचा व्युत्पत्तिकोश रचणाऱ्या टर्नर यांचा ग्रंथ १९३१ सालचा आहे. तेव्हापासून ही तुलना अभ्यासकांसमोर आहे.

ही व्युत्पत्ती मान्य केली तर ‘करायलाय’मध्ये ‘लाग’ दोनदा आला, असे म्हणावे लागते. पहिल्यांदा ‘करायला’तील ‘ला’ म्हणून, शेकडो वर्षांपूर्वी झिजून, दुसऱ्यांदा ‘लागलाय’मधून. एकच नाणे दोनदा टांकसाळीत गेले आणि दोन्ही वेळा गुळगुळीत होऊन बाहेर पडले. चिकटणे असा अर्थ असलेल्या शब्दानेच दुसऱ्या शब्दांना इतके चिकटून घ्यावे की त्याचा स्वतःचा ठावठिकाणा राहू नये, यात भाषेची थोडी थट्टाही आहे.

स्वतंत्र शब्द झिजून व्याकरणाचा सेवक बनतो, या प्रक्रियेला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ साली एका निबंधात नाव दिले. त्याचा मराठी पर्याय ‘व्याकरणीकरण’ असा रूढ होऊ पाहत आहे. कानाला खडबडीत आहे, पण चालेल. मेये यांच्यासमोर त्यांच्या स्वतःच्या भाषेतली उदाहरणे होती. फ्रेंचमध्ये ‘नाही’ म्हणण्यासाठी क्रियापदानंतर ‘पा’ येतो. त्याचा मूळ अर्थ पाऊल. ‘एक पाऊलही चालत नाही’ यातले पाऊल हळूहळू निव्वळ नकार झाले, आणि बोलण्यात मूळचा नकारवाचक ‘न’ गळून पाऊलच तेवढे उरू लागले. ‘अमुकाकडे’ या अर्थाचा फ्रेंच ‘शे’ हा लॅटिन ‘कासा’ म्हणजे घर या शब्दाचा अवशेष मानला जातो. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपला ‘मागे’ हा ‘मार्ग’ आहे, ‘मुळे’ हे ‘मूळ’ आहे, ‘पाशी’ हा संस्कृत ‘पार्श्व’, म्हणजे बाजू, कूस. ‘वर’ हा ‘उपरि’. ‘त्यापेक्षा’ म्हणताना आपण ‘अपेक्षा’ या शब्दाचा पहिला ‘अ’ गिळलेला असतो. ‘आणि’मध्ये ‘अन्य’ आहे, ‘पण’मध्ये ‘पुनः’ आहे.

मेये यांच्याच विद्यावर्तुळातले झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला त्याचा अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने केला. त्याआधी राजवाड्यांचे ज्ञानेश्वरीच्या व्याकरणावरील काम १९०९ मध्ये आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले होते. अवघ्या तीस-बत्तीस वर्षांत मराठीच्या या चिमुकल्या शब्दांवर जेवढा विचार झाला तेवढा नंतर झाला नाही, असे आमचे मत आहे. आपल्या एम. ए. च्या अभ्यासक्रमात हे ग्रंथ नावापुरते उरले आहेत.

शब्द का झिजतात, याचे उत्तर सोपे आहे : वापराने. अधिक वारंवार येणारे शब्द आखूड असतात, हे जॉर्ज झिप्फ या अमेरिकन अभ्यासकाने १९३५ साली आकडेवारीने मांडले. पण दगडी पायरी मधोमध का झिजते, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. मोडी कागदपत्रांत कारकुनाने ‘मुक्काम’चे ‘मु॥’ केले, ‘राजमान्य राजेश्री’चे ‘रा. रा.’ केले. तो हाताचा संक्षेप होता आणि तो नेमका जड नामांवर झाला. वाचताना ते पुन्हा पूर्ण वाचले जात. जिभेचा संक्षेप हलक्या शब्दांवर होतो आणि तो परत फिरत नाही.

मराठीच्या अगदी आरंभीच्या पुराव्यांत हा संक्षेप झालेलाच दिसतो. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे वाक्य प्रत्येक मराठीच्या विद्यार्थ्याला पाठ असते. त्याचा काळ दहाव्या शतकाची अखेर की बाराव्याचा आरंभ यावर वाद आहेत. आम्हांस त्यात सर्वांत बोलका वाटतो तो ‘राजें’वरचा बिंदू. संस्कृत ‘राजेन’मधील ‘एन’चा ‘न’ स्वर म्हणून उरला नाही, व्यंजन म्हणून उरला नाही, नाकातला एक हुंकार होऊन राहिला. तो हुंकार म्हणजे तृतीया विभक्ती. चावुंडरायाने ते करवले, हे सगळे त्या एका टिंबावर तोलले आहे.

आमच्या जिल्ह्यातला पुरावाही याच काळातला आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराचे मंदिर आहे. तेथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ च्या लेखाचे वाचन सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी पुढे आणले. कानडी लेखांनी वेढलेल्या त्या परिसरात, ‘वाचील तो विजयी होईल’ या आशयाचे मराठी वाक्य या लेखाच्या शेवटी येते. राजाश्रय, दान, सीमा यांची मोठी भाषा बाजूला ठेवून वाचणाऱ्याला उद्देशून काही म्हणण्याची वेळ आली तेव्हा कोरणाऱ्याने मराठी वापरली, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

टिंबाचा विषय निघालाच आहे तर १९६२ सालाचा उल्लेख करणे भाग आहे. त्या वर्षी शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीने येणारे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तोवर आपण ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘नाहीं’, ‘करूं’ असे लिहीत होतो. ‘घरांत’चा बिंदू एकवचनातही होता, कारण तो ‘आंत’ या शब्दाचा होता. ‘घर’ आणि ‘आंत’, म्हणजेच संस्कृत ‘अंतर्’. ‘त्यानें’वरचा बिंदू हा श्रवणबेळगोळच्या बिंदूचा वारस होता. नव्या नियमांनी ‘घरात’ हे एक घर झाले आणि ‘घरांत’ अनेक घरे. एकाच टिंबाची नोकरी बदलली. शाळेतल्या मुलांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. जे उच्चारात नाही ते केवळ पूर्वजांच्या स्मरणार्थ लिहायला लावणे हा अन्याय होता. तरी मराठीच्या अध्यापकाला जुना बिंदू वाचता आला पाहिजे. १९६२ पूर्वीचे पुस्तक हाती आले की ‘ही जुनी, चुकीची लिपी’ म्हणून विद्यार्थी पुढे जातात, तेव्हा त्यांच्यासमोर एक संपूर्ण प्रकरण न उघडताच मिटते.

आता ‘च’. मराठीतला हा सर्वांत आखूड शब्द असावा आणि आमच्या मते सर्वांत भाग्यवानही. हेमचंद्राने बाराव्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात निश्चय दाखवणाऱ्या अव्ययांत ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ ही रूपे नोंदवली आहेत. गाथासप्तशतीच्या महाराष्ट्रीत ‘च्चेअ’, ‘च्चिअ’ जागोजागी भेटतात. त्यांच्या मागे संस्कृत ‘च’ आणि ‘एव’ यांची जोडी आहे. म्हणजे आपला एकाक्षरी ‘च’ हा मुळात दोन शब्दांचा जोड आहे. गुजराती ‘ज’ हे काम करतो, तोही ‘एव’च्याच घराण्यातला. हिंदीने ‘ही’ घेतला. फरक जागेत आहे. हिंदीत ‘घर में ही’ आणि ‘घर ही में’ अशी दोन्ही वाक्ये होतात. मराठीत ‘घरातच’ होते. ‘घरच’ आणि ‘आत’ यांची सांगड प्रत्ययाच्या मध्ये शिरून घालता येत नाही. विभक्तिप्रत्यय संपल्यावर ‘च’ शेवटी दार लावून घेतो. कानडीतही असेच घडते : ‘मनेयल्लि’ म्हणजे घरात, ‘मनेयल्ले’ म्हणजे घरातच. तेलुगूत ‘इंट्लो’ म्हणजे घरात, ‘इंट्लोने’ म्हणजे घरातच. शब्द संस्कृतकडून आलेला, बसण्याची पद्धत शेजाऱ्यांची.

या ‘च’ने पुढे प्रवासही केला. दखनी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘मैंइच’, ‘वोइच’, ‘घर में इच’ असते. उत्तरेच्या उर्दूत त्याचा पत्ता नाही. मराठी ‘नको’ दखनीत ‘नक्को’ झाला आणि जुन्या दखनी काव्यातही पोहोचला. वास्तविक शब्दांची देवाणघेवाण होते तेव्हा नामे आधी जातात, क्रियापदे मागून, आणि ‘च’, ‘नको’ असे शब्द जवळजवळ कधीच जात नाहीत, असा सर्वसाधारण अनुभव आहे. बाजारात एकमेकांना भेटणारे लोक वस्तूंची नावे घेतात. ‘च’ घ्यायला एकमेकांच्या अंगणात वाढावे लागते.

फारशीचा मामला थोडा निराळा आहे, तो थोडक्यात सांगतो. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने दहा वर्गांत फारशी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, पण्यवर्ग, सगळा कारभार नामांचा. सावरकरांच्या भाषाशुद्धीनेही ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ यांसारखी नामेच दिली. ‘व’, ‘शिवाय’, ‘बाबत’, ‘बद्दल’, ‘खेरीज’ यांना कोणी हात लावला नाही, बहुधा ते परके आहेत हे जाणवलेच नाही म्हणून. ‘बद्दल’ हा अरबी ‘बदल’, ‘खेरीज’ म्हणजे ‘खारिज’, बाहेरचा. ‘वगैरे’त तर एक लहानसे वाक्यच दडले आहे : ‘व’ म्हणजे आणि, ‘गैर’ म्हणजे इतर, शेवटी ‘त्याचे’ असे दाखवणारा प्रत्यय. भाषाशुद्धीवर तळमळीने लिहिलेल्या लेखाच्या अखेरीस ‘वगैरे’ दिसला की आम्हांस त्या लेखकाविषयी आपुलकी वाटते.

‘की’चे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तेथे सोलापूरच्या बोलीचा रस्ता फुटतो. ‘तो म्हणाला की मी येतो’ या वाक्यातील ‘की’ फारशी धाटणीचा मानतात. ज्ञानेश्वरीतला ‘कीं’ देशी असला तरी त्याचे काम वेगळे होते. तो ‘अथवा’ म्हणत असे, निश्चय दाखवत असे. दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची मराठीची दुसरी पद्धत उलट्या दिशेने जाते : ‘मी येतो म्हणून त्याने सांगितले.’ आधी बोलणे, मग ‘म्हणून’, मग सांगणारा. ‘म्हणून’ हे ‘म्हणौनि’, म्हणजे ‘असे म्हणून’. कानडीत हेच वाक्य ‘नानु बर्तीनि अंत हेळिद’ असे होते आणि ‘अंत’ हे ‘अन्नु’, म्हणजे म्हणणे, या धातूचे झिजलेले रूप आहे. तेलुगूत ‘नेनु वस्तानु अनि चेप्पाडु’. ‘अनि’ म्हणजे म्हणून, आणि भरभर बोलताना तो मागच्या क्रियापदात विरघळतो. दखनीत ‘मैं आतूं बोलके बोल्या’. चार भाषांत चार धातू, आणि चारही ठिकाणी ‘म्हणणे’ हाच धातू राबायला लावला आहे. पुढे ‘म्हणून’ कारण सांगू लागला : ‘पाऊस आला म्हणून थांबलो.’ बोलणारा कोणीच नाही, तरी ‘म्हणून’ आहे. कानडी ‘अंत’ आणि तेलुगू ‘अनि’ यांनाही या वाटेने जाता येते.

सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर वस्त्यांत पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यांत कानडी, शहरात दखनी जिकडेतिकडे, आणि सगळे एकमेकांशी मराठी. पहिली गिरणी १८७७ साली उभी राहिली तेव्हापासून हे शेजार अधिकच दाट झाले. त्याच्या आधीची कहाणी सिद्धरामेश्वरांच्या कानडी वचनांपर्यंत, बाराव्या शतकात जाते. अशा शेजाराचा भाषेवर काय परिणाम होतो, याचा जगभर गाजलेला अभ्यास आमच्यापासून फार दूर नसलेल्या सांगली जिल्ह्यातील कुपवाडचा आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की तेथील कानडी, मराठी, उर्दू या भाषांचे शब्द आपापले राहिले, पण वाक्याचा सांगाडा इतका सारखा झाला की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. त्याच वर्षी, त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या उगमातच द्राविडी भाषांशी असा संकर झाला असावा, असे मत मांडले. साउथवर्थ यांचा सिद्धान्त सर्वांनी स्वीकारलेला नाही आणि तो जरा फार लांब जातो, असे आम्हांसही वाटते. कुपवाडचे निरीक्षण मात्र आमच्या रोजच्या अनुभवातले आहे.

आता ‘करायलास’कडे वळू. उत्तर कर्नाटकात, विजयपूर-कलबुर्गीच्या पट्ट्यात, ‘काय करतोस?’ याला ‘एन माडाकत्ती?’ असे म्हणतात. बंगळुरूच्या माणसाला हे ऐकून हसू येते, जसे पुण्याच्या माणसाला ‘करायलास’ ऐकून येते. ‘माडाकत्ती’ फोडून पाहा. ‘माडाक’ हे ‘माडलिक्के’, म्हणजे ‘करायला’. त्यात चतुर्थीचा प्रत्यय आहेच. पुढचा भाग ‘हत्तु’ या धातूचा. ‘हत्तु’ म्हणजे चढणे, आणि चिकटणे, लागणे, आरंभ करणे. ‘माडलिक्के’ आणि ‘हत्तु’ यांच्या सांध्यावर ‘ह’ गळला, अक्षरे एकमेकांत शिरली आणि ‘माडाकत्ती’ झाले. करायला आणि लागलास, करायलास. धातू वेगळा, प्रत्यय वेगळा, कूळ वेगळे, पण सांध्याची जागा तीच आणि झीजही तशीच. अर्थाचा प्रवासही तोच : चिकटणे, आरंभ करणे, चालू असणे.  भीमेच्या दोन्ही तीरांवरच्या माणसांनी आपापल्या भाषेच्या दगडातून एकच पायरी घडवली आणि ती सारखीच झिजवली. कोणी कोणाचे घेतले, हा प्रश्न आम्ही मुद्दाम सोडून देतो. ज्या घरात आजी एका भाषेत हाक मारते आणि नातू दुसऱ्या भाषेत ओ देतो, तेथे घेणारा आणि देणारा एकच असतो.

आणि हे ‘करायलाय’ उत्तरपत्रिकेत आले की त्याखाली लाल रेघ ओढली जाते. आम्ही अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासत आहोत; ती रेघ कोठे कोठे पडते, हे आमच्या पाहण्यात आहे. निबंधात ‘करतोय’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘बोलीभाषेचा सहज वापर’ म्हणून शाबासकी मिळाल्याचे आम्ही पाहिले आहे, आणि त्याच गठ्ठ्यात ‘करायलोय’ लिहिणाऱ्याचा अर्धा गुण गेल्याचेही. घरी तेलुगू बोलणारी मुलगी ‘सर येणार नाहीत म्हणून शिपायाने सांगितले’ असे लिहिते. परीक्षक ‘म्हणून’ खोडून ‘की’ची रचना सुचवतात. म्हणजे ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली रचना अशुद्ध ठरवून तिच्या जागी फारशी वळणाची रचना शुद्ध म्हणून बसवली जाते. त्या परीक्षकांचा हेतू वाईट नसतो. त्यांना नाम परके असले तर ओळखता येते. प्रत्ययाला कूळ असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्रमाणभाषा शिकवू नये, असे आमचे म्हणणे नाही. अर्ज, अहवाल, प्रबंध यांसाठी ‘करीत आहे’ यायलाच हवे आणि ते न शिकवणे ही आमच्या मुलांची फसवणूक होईल. वर्गात आम्ही एवढेच करतो : फळ्यावर ‘करायलीय’ लिहितो आणि ते उलगडायला सांगतो. पहिल्या बाकावरून उत्तर सहसा येत नाही. ज्यांना गावाकडचे म्हणून गप्प बसायची सवय लागली आहे, ते बोलू लागतात. कानडी घरातला एखादा ‘माडाकत्ती’ शेजारी लिहून दाखवतो. मग ‘लागी’, ‘नलगे’, ‘मलाई’ यांच्याकडे जाणे सोपे होते, आणि ब्लॉक यांचे पुस्तक ग्रंथालयातून एकदा तरी बाहेर येते.

झीज थांबलेली नाही. कोल्हापूर-बेळगावकडे ‘करालाय’ म्हणतात, आणि सोलापुरातही भरभर बोलताना ‘काय करालास बे?’ ऐकू येते. मुले मोबाइलवर एकमेकांना तसेच लिहितात. कोणी ‘करायलय’, कोणी ‘करालाय’, कारण हे कसे लिहावे याचा नियम कोणत्याही पुस्तकात नाही. आधी ‘लाग’चा ‘ग’ गेला होता, आता ‘करायला’चा ‘य’ही चालला आहे. ‘करालाय’मधला ‘ला’ चतुर्थीचा की लागण्याचा, हे कानाला कळत नाही. बहीण करालीय म्हटले म्हणजे कळते.